बारा माणसे आणि एक वही : सोलापुरात मंडळीचे सेवाकार्य कसे उभे करावे

मंडळीतील, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायातील, सेवाकार्याला बहुधा नाताळाच्या तोंडावर जाग येते. शंभर चादरी आणल्या जातात, चर्चच्या आवारात मांडव पडतो, पाळकसाहेब प्रार्थना करतात, रांग लागते, फोटो निघतात आणि जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरेपर्यंत सारे विसरले जाते. आमच्या मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीनेही एके वर्षी हेच केले. काही माणसे रांगेत दोनदा उभी राहिली, ढकलाढकलीत एक म्हातारी पडली, आणि जिच्या घरी खरोखर पांघरूण नव्हते ती विधवा दिवसभराच्या विड्या बुडतील म्हणून आलीच नाही. त्यानंतर आम्ही वाटप थांबवून भेटी सुरू केल्या. ज्या मंडळीला असे काम नव्याने उभे करायचे आहे तिने कोठून आरंभ करावा, पैसा कसा जमवावा व कोणत्या चुका टाळाव्यात, हे त्या अनुभवाच्या आधारे येथे लिहिले आहे.

आधी माणसे, मग वस्तू

संपूर्ण मंडळीला एकदम कामाला जुंपण्याचा प्रयत्न करू नये, कारण सर्वांचे काम हे शेवटी कोणाचेच काम राहत नाही. बारा माणसे पुरेत. हा आकडा मेथडिस्ट परंपरेतच सापडतो. 1742 साली ब्रिस्टल येथील सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे ठरले, तेव्हा गरिबांनी ती कोठून द्यावी असा प्रश्न निघाला. त्यावर एका जुन्या दर्यावर्दी कप्तानाने सांगितले की सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे सोपवा. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन आणि ज्याला देणे जमणार नाही त्याचा वाटा मी भरीन. वसुलीसाठी घरोघर फिरू लागलेल्या या पुढाऱ्यांना कोणाच्या घरी आजार आहे, कोण दारूच्या आहारी गेला आहे, कोणाची चूल पेटलेली नाही हे दिसू लागले, आणि मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी त्या व्यवस्थेतूनच ‘वर्ग’, म्हणजे एका पुढाऱ्याकडे सोपवलेला सुमारे बारा जणांचा गट, घडवला. म्हणजे आपल्या मंडळीचे सेवाकार्य पैशाच्या वसुलीतून सुरू झाले असले तरी ते टिकले ते घरी जाण्यामुळे.

म्हणून बारा जणांनी दर आठवड्याला 50 रुपये द्यावेत. त्याचे 600 रुपये होतात, महिन्याला अडीच हजारांच्या आसपास, आणि तेवढ्यात तीन-चार कुटुंबांना आधार देता येतो. ही रक्कम लहान वाटते, आणि ती लहान आहेच. परंतु नाताळातील 50 हजारांपेक्षा बारा महिने न चुकणारे 600 रुपये अधिक उपयोगी पडतात, असे आता मी खात्रीने म्हणू शकतो. या बारांत महिला मंडळाच्या किमान चार भगिनी असाव्यात, एक तरी तेलुगू बोलणारा असावा आणि शक्य तर एक कन्नड बोलणारा. शहराच्या पूर्वभागातील पद्मशाली या तेलुगू भाषक विणकर समाजाच्या घरांत आजीशी मराठीत बोलले तर ती हसून मान डोलावते, पण दुखणे सांगते ते तेलुगूतच.

पहिल्या तीन भेटी रिकाम्या हाताने

आमच्या पद्धतीतील हा भाग स्वयंसेवकांना सर्वांत अवघड वाटतो. एखाद्या घरी पहिल्यांदा जाताना शिध्याची पिशवी नेली की त्या घराशी आपले नाते पिशवीपुरते ठरते, आणि पुढे विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पिशवी डोळ्यांसमोर ठेवून दिले जाते. म्हणून पहिल्या तीन भेटींत काहीही नेऊ नये. बसावे, पाणी दिले तर प्यावे, ऐकावे. घरात कोणी उपाशी असेल तर हा नियम अर्थातच बाजूला ठेवावा.

जाताना येशूने शिष्यांना पाठवले तसे दोघे-दोघे जावे, आणि घरात एकटी स्त्री असेल तर त्या दोघांत एक भगिनी असलीच पाहिजे. लहान मुलांशी एकट्याने, दाराआड कधीही बोलू नये. हा नियम पाळकांनाही लागू आहे हे पहिल्याच बैठकीत सांगून टाकावे. वेळेचे भान ठेवावे. विडी कामगार बाई तेंदूची पाने कापत किंवा विड्या वळत बसलेली असेल तर तिला हात थांबवायला लावू नये, कारण तिची मजुरी हजार विड्यांवर ठरते आणि आपल्यासाठी गेलेला अर्धा तास तिच्या पदरातून जातो. तिच्या शेजारी बसून बोलावे. काम चालू असताना माणूस अधिक मोकळेपणाने बोलतो. ज्या दिवशी त्या वस्तीत नळाला पाणी येते त्या दिवशी तर जाऊच नये. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येते आणि त्या दिवशी सारे घर घागरी-पिंपे भरण्यात गुंतलेले असते. पाहुणा कितीही भला असला तरी त्या वेळी तो अडचणच असतो.

परत आल्यावर वहीत चार गोष्टी लिहाव्यात : घरात कोण कोण आहे, कमावते कोण, कोणता कागद अडला आहे, आणि त्यांनी स्वतःहून काय मागितले. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. आम्ही ज्या घरी धान्य नेण्याचे ठरवले होते, तेथील म्हाताऱ्याने चश्मा मागितला होता. ही वही मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीतही मोठ्याने वाचू नये. तेथे फक्त हिशेब वाचावा.

द्यायचे ते काय

शिधापत्रिका असलेल्या घरी गहू-तांदूळ नेण्यात अर्थ नाही. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला शिधापत्रिकेमागे 35 किलो धान्य दरमहा मोफत मिळते. कमी पडते ती डाळ, तेल, शेंगदाणे आणि साबण. आमच्या पिशवीत 5 किलो ज्वारी, 1 किलो तूरडाळ, 1 लिटर तेल आणि अर्धा किलो शेंगदाणे असतात. ज्वारी एवढ्यासाठी की येथे भाकरीवाचून जेवण झाल्यासारखे वाटत नाही. शिधापत्रिकाच नसेल तर पिशवी देत राहण्यापेक्षा शिधापत्रिका मिळवून देणे हे पहिले काम समजावे.

शिजवलेले अन्न द्यायचे असेल तर त्याची खरी गरज सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात आहे. तेथे जिल्ह्यातूनच नव्हे तर धाराशिवकडून आणि कर्नाटकाच्या सीमेपलीकडूनही रुग्ण येतात. रुग्णाला रुग्णालयातून जेवण मिळते. त्याच्याजवळ बसलेला भाऊ किंवा आई मात्र वडापाववर दिवस काढते. परवानगी घेतल्याशिवाय तेथे पातेले उघडू नये; अधिष्ठात्यांच्या कार्यालयात अर्ज द्यावा आणि समाजसेवा अधीक्षकांना भेटावे, कारण कोणत्या वॉर्डात कोणाजवळ परतीच्या तिकिटाचेही पैसे नाहीत हे त्यांना ठाऊक असते.

पन्नास जणांच्या खिचडीला साधारण 4 किलो तांदूळ आणि दीड किलो मूगडाळ पुरते. ती शिजल्यापासून दोन तासांच्या आत वाढून संपली पाहिजे. एका एप्रिलमध्ये आम्ही सकाळी नऊला डबे भरले आणि दुपारी एकला उघडले तेव्हा खिचडी आंबली होती. पन्नास माणसे ताटकळत उभी होती आणि आम्ही तोंड लपवत होतो. तेव्हापासून उन्हाळ्याचे चार महिने आम्ही कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेतो. ती प्रवासात टिकते, उन्हात बिघडत नाही आणि ज्याला रात्रीसाठी ठेवायची त्याला ठेवता येते. दात नसलेल्या म्हाताऱ्यांसाठी सोबत ताक किंवा पातळ वरण लागते, आणि चटणी रुग्णाच्या ताटात जाणार नाही याकडे लक्ष द्यावे लागते. मीठ वर्ज्य असलेल्या माणसाला ती भारी पडेल. अन्न नेहमी शाकाहारीच असावे. रमजानमध्ये रोजा धरणाऱ्यांसाठी वेगळा डबा बांधून द्यावा.

कागदांचे काम

खरे सांगायचे तर आमच्या कामाचा निम्मा वेळ अन्नात नव्हे, कागदांत जातो, आणि त्याचा लाभ सर्वांत दूरवर पोहोचतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून विधवा, निराधार व तत्सम व्यक्तींना दरमहा 1500 रुपये मिळतात. कोणतीही मंडळी एखाद्या घराला आयुष्यभर एवढे देऊ शकणार नाही. अर्ज तहसील कार्यालयाच्या संबंधित शाखेत करावा लागतो आणि त्याला उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, आधार, शिधापत्रिका व विधवेच्या बाबतीत पतीचा मृत्यूचा दाखला लागतो. अडते ते नावावर. तेलुगू आडनाव आधारावर एका तऱ्हेने, शिधापत्रिकेवर दुसऱ्या तऱ्हेने आणि बँकेत तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले असते. म्हणून अर्ज भरण्याआधी सर्व कागद एका ओळीत मांडून नावाचे प्रत्येक अक्षर ताडून पाहावे. अनुदान सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला देण्याची आठवण वहीत लिहून ठेवावी, नाहीतर जिवंत माणसाचे पैसे थांबतात.

शस्त्रक्रियेचा प्रसंग आला की लोक प्रथम सावकाराकडे धावतात. त्याआधी योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो उपचार बसतो का, हे विचारावे. क्षयरोग्याच्या घरी धान्य नेणार असाल तर क्षयरोग्यांना आधार देणाऱ्यांच्या सरकारी योजनेत ‘नि-क्षय मित्र’ म्हणून नोंदणी करून किमान सहा महिने पोषण आहार देण्याची जबाबदारी घ्यावी. दोन महिन्यांत थांबायचे असेल तर घेऊच नये.

पैसा आणि प्रार्थना

प्रत्येक रुपयाची पावती द्यावी, बँक खात्यावर दोन सह्या असाव्यात आणि सह्या करणारे एकाच घरातले नसावेत. प्रभुभोजनाच्या रविवारचे अर्पण गरीब फंडासाठी राखून ठेवण्याची पद्धत असेल तर ती मोडू नये. परदेशातून पैसे येण्याचा प्रश्न हल्ली वारंवार निघतो. मंडळीच्या विश्वस्त संस्थेची परदेशी देणग्यांच्या 2010 च्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या सख्ख्या भाच्याचेही पैसे घेता येत नाहीत. तोच भाचा भारतीय पासपोर्टवर तेथे नोकरी करत असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर गोष्ट वेगळी. शंका आली तर सनदी लेखापालाला विचारावे, नातलगांना नव्हे.

उसने पैसे देऊ नयेत. वेस्ली यांनी 1746 मध्ये लंडनला गरिबांसाठी छोट्या कर्जाचा निधी काढला होता आणि तीन महिन्यांत परतफेड हा त्याचा नियम होता, हे खरे. परंतु आपल्या वस्त्यांत बायका आधीच बचत गटाच्या आणि फायनान्सच्या हप्त्यांखाली आहेत. ज्याच्याकडून येणे आहे त्याच्या घरी भेटीला जाता येत नाही. जातो तो वसुलीदार.

प्रार्थनेविषयी आमचा नियम कडक आहे आणि त्यावर मंडळीत वादही झाले आहेत. अन्नाआधी गीत नाही, पिशवीत धर्मप्रसाराची पत्रिका नाही, मदतीच्या बदल्यात उपासनेचे आमंत्रण नाही. भुकेल्याला भाकरीसोबत वचन ऐकवणे म्हणजे त्याच्या नाइलाजाचा फायदा घेणे होय, आणि बाहेरच्यांना त्यातून जे दिसते ते चुकीचे म्हणता येत नाही. एखाद्या रुग्णाने स्वतःहून ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हटले तर त्याच्या खाटेशी हळू आवाजात करावी; शेजारच्या खाटेला ऐकू जाण्याचे कारण नाही. मदत घेणाऱ्याचा फोटो काढू नये आणि व्हॉट्सअॅपवर टाकू नये. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये असे आपण शिकवतो आणि तोच उजवा हात स्टेटसवर दाखवतो, ही विसंगती तरुण संघाला समजावायला आम्हाला दोन वर्षे लागली.

थांबायचे केव्हा

मदत सुरू करताना ती कधी संपणार हे कोणी बोलत नाही आणि त्यामुळेच पुढे कटुता येते. पहिली पिशवी देतानाच ती किती महिन्यांसाठी आहे ते सांगावे, आमच्याकडे सहा महिने. चौथ्या महिन्यात पुन्हा आठवण द्यावी आणि सहाव्या महिन्यात वही उघडून बारा जणांनी मिळून ठरवावे. अनुदान सुरू झाले किंवा मुलगा यंत्रमागावर कामाला लागला तर पिशवी बंद करावी, परंतु भेट बंद करू नये. ज्या घरी आता काही न्यायचे नाही त्या घरांची नावे आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर लिहितो आणि महिन्यातून एकदा त्या पानावरच्या घरी जातो, पहिल्या तीन भेटींसारखेच रिकाम्या हाताने.