रोजचं शुभवर्तमान ड्युटीवर कसं न्यावं

वसईतल्या आमच्या कॅथलिक घरांत संध्याकाळची रोझरी (माळेवरची प्रार्थना) चुकत नाही, रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, तर नाहीच नाही. बायबल मात्र बऱ्याच घरांत अल्तारावर (घरातल्या वेदीवर) मेणबत्तीशेजारी असतं आणि तिथेच राहतं. मी मुंबईतल्या एका रुग्णालयात सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. पाळ्या बदलत्या, लोकलचा प्रवास, घरी म्हाताऱ्या सासूबाई. अशा धबडग्यात रोजचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचा आणि शिकवणीचा बायबलमधला उतारा, वाचायचं कसं आणि वाचलेलं दिवसभर सांभाळायचं कसं, हे आमच्या आळीतल्या नोकरीला लागलेल्या मुली विचारतात. त्यांना सांगते तेच इथे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, उतारा स्वतः निवडू नका. ख्रिस्तसभेने (चर्चने) रोजच्या मिस्सेसाठी वाचनं ठरवून दिलेली आहेत, तीच घ्या. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात: एका वर्षी मुख्यतः मत्तयाचं शुभवर्तमान, पुढच्या वर्षी मार्क, त्याच्या पुढच्या वर्षी लूक. योहान मुख्यतः पुनरुत्थानकाळात, म्हणजे ईस्टरच्या दिवसांत येतो. सामान्यकाळात, म्हणजे नाताळ आणि ईस्टरच्या आसपासचे काळ सोडून उरलेल्या वर्षात, इतर दिवसांचं शुभवर्तमानाआधीचं पहिलं वाचन दोन वर्षांनी फिरून येतं, शुभवर्तमान दरवर्षी तेच असतं. आपण निवडायला बसलो की आपल्या मनाजोगतं तेवढंच निवडतो. डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आजचं समजायचं, ही सवय तर सोडूनच द्या. देवाचा शब्द म्हणजे चिठ्ठ्या टाकून कौल लावणं नव्हे.

बायबल वाचायला सोपं वाटेल असं घ्या. मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ आहे, त्याला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला. दुसरं कोणतं घेत असाल तर आधी अनुक्रमणिका बघा. कॅथलिक बायबलमध्ये ७३ ग्रंथ असतात. तोबित, मक्काबी हे ग्रंथ नसतील तर एखाद्या आठवड्यात मिस्सेचं पहिलं वाचन शोधत बसाल आणि सापडणार नाही.

वेळ कोणती? माझा सल्ला आहे, आदल्या रात्रीची. सकाळच्या पाळीला पहाटेची लोकल पकडायची असते. डबा, पाणी, सासूबाईंच्या गोळ्या, या घाईत उतारा नुसता डोळ्यांखालून जातो. रात्री भांडी आवरली की उद्याचं शुभवर्तमान दोनदा वाचा. पहिल्यांदा मोठ्याने, दुसऱ्यांदा मनात. मग मागच्या-पुढच्या दहा ओळी वाचा, म्हणजे येशू कोणाशी, कुठे, कशावरून बोलतो आहे ते कळतं. तळटीपा असतील तर त्याही बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारं आयतं चिंतन त्या वेळी उघडू नका. ते चांगलंही असेल, पण आधी तुम्ही वाचा.

बाराव्या शतकात गिगो नावाच्या कार्थुसियन मठवासीयाने या वाचनाच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग प्रभूजवळ नुसतं शांत बसणं. ही पद्धत मठातली असली तरी आपल्याला वर्ज्य नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी देवाच्या प्रकटीकरणावरचा दस्तऐवज दिला, त्यात धर्मग्रंथ वारंवार वाचण्याचा आग्रह सगळ्याच श्रद्धावंतांना केला आहे. म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या आणि ड्युटी करणाऱ्या तुम्हा-आम्हालाही.

मनन म्हणजे काय, हे एका उताऱ्यावरूनच सांगते. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, सामान्यकाळाच्या सत्ताविसाव्या आठवड्यात, सोमवारी चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट येते (लूक १०:२५–३७). आपल्याला ती पाठ असते, आणि पाठ असलेला उताराच सगळ्यात घाईने वाचला जातो. म्हणून प्रत्येक क्रियापदावर थांबायचं. यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता जवळजवळ हजार मीटर खाली उतरतो, उजाड आणि डोंगराळ. तिथे लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेला एक माणूस पडलेला असतो. याजक जातो, लेवी (मंदिराचा सेवक) जातो. दोघांनीही ‘पाहिलं’ असं लिहिलंय. शोमरोनी, म्हणजे यहुद्यांना परका वाटणारा शोमरोनचा माणूस, तोही पाहतो, पण त्याला कळवळा येतो आणि तो जवळ जातो. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो. द्राक्षारसाने जखम धुतली जायची, तेलाने ठणका कमी व्हायचा. त्या काळातलं ते ड्रेसिंगच. मग स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि तिथे त्याची देखभाल करतो.

यापुढची ओळ बहुतेक जण ओलांडून जातात: ‘दुसऱ्या दिवशी’ त्याने दोन दिनार काढून उतारशाळेच्या मालकाला दिले. दुसऱ्या दिवशी! म्हणजे रात्रभर तो तिथेच होता. अनोळखी, मार खाल्लेल्या, कदाचित तापाने फणफणलेल्या माणसाच्या उशाशी त्याने नाईट ड्युटी केली. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे दोन दिवसांची कमाई त्याने दिली. वर सांगितलं, जास्त लागले तर परत येताना भरीन. त्याने रुग्णाचा फॉलोअपसुद्धा ठरवून ठेवला. वॉर्डात काम करणाऱ्या बाईच्या हे लगेच लक्षात येतं. तुम्ही शाळेत शिकवत असाल, वाडीत केळी लावत असाल, बँकेत बसत असाल, तर तुमच्या कामामुळे तुम्हाला दुसरीच ओळ दिसेल. ती शोधा. आपलं काम घेऊनच उताऱ्यात शिरायचं.

आता त्यातला एकच शब्द किंवा एकच वाक्य उचला. सगळा उतारा डोक्यात घेऊन जायचा प्रयत्न करू नका. मी ‘दुसऱ्या दिवशी’ एवढंच उचललं. मग त्यावर प्रभूशी बोला, आणि घरच्या बोलीत बोला. मी वाचते मराठीत, पण येशूशी बोलताना कादोडी, ही आमची वसईची बोली, येते, कारण रडणं आणि रागावणं त्याच भाषेत होतं. बोलून झालं की थोडा वेळ काहीच न मागता बसा.

आणि झोपण्याआधी उद्याचं एक काम ठरवा. ते एवढं लहान असावं की उद्या रात्री ‘केलं’ किंवा ‘नाही केलं’ असं सांगता यावं, आणि त्यात एक खरा माणूस असावा. ‘उद्यापासून सगळ्यांवर प्रेम करीन’ याला काम म्हणत नाहीत. ‘काल डिस्चार्ज दिलेल्या आजोबांच्या मुलाला फोन करून विचारीन, ड्रेसिंग करायला गावात कोणी भेटलं का’ हे काम. पालघरच्या आतल्या पाड्यावरून आलेला तो मुलगा वॉर्डाबाहेर चटई टाकून झोपायचा, गोळ्यांचं तेच तेच विचारायचा. फोनवर कळलं की सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्यांची अदलाबदल झाली होती. नीट सांगितलं, त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. दोन मिनिटं लागली.

याच ठिकाणी ठरवून दिलेल्या वाचनांचं मोल कळतं. सोमवारी ‘जा आणि तूही तसंच कर’ ऐकून कंबर कसावी, तर मंगळवारी मार्था आणि मरिया समोर येतात. पुष्कळ कामांनी वैतागलेल्या मार्थेला प्रभू थांबवतो, आणि त्याच्या पायाशी बसलेल्या मरियेची बाजू घेतो. बुधवारी शिष्य म्हणतात, आम्हाला प्रार्थना करायला शिकवा. माझ्यासारखी कामाची बाई स्वतः निवडत बसली असती तर तिने शोमरोनीच रोज वाचला असता.

काही उतारे बोचतात. दोन आठवड्यांनी सोमवारी एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा (लूक १२:१३). वसईत वाड्यांना बिल्डरांचे भाव आल्यापासून किती घरांत भाऊ-भाऊ बोलत नाहीत, हे कोणाला सांगायला नको. हा उतारा वाचताना मनात पटकन भावाचा चेहरा येतो: त्याने हे ऐकायला हवं! तसं झालं की थांबा आणि उतारा पहिल्यापासून वाचा. येशू न्याय द्यायला नकार देतो आणि लोभाबद्दल सावध करतो, विचारणाऱ्यालाही. शुभवर्तमान दुसऱ्याला मोजायला वापरायचं नाही. त्या दिवसाचं काम वकिलाला फोन करणं नसावं, भावाच्या आजारी बायकोची विचारपूस करणं असू शकतं.

पण एक गोष्ट ठासून सांगते. ‘क्षमा करा’ हे वचन मार खाणाऱ्या बाईला गप्प बसवायला वापरलं जातं, तो त्या वचनाचा अर्थ नाही. क्षमा करायची म्हणजे मार सहन करत राहायचं असं नव्हे. अशा वेळी एकटीने मनन करत बसू नका. विश्वासाच्या फादरांशी, सिस्टरांशी बोला आणि आधी सुरक्षित जागी जा.

रात्री पुढचा उतारा उघडण्याआधी पाच मिनिटं मागे बघा. संत इग्नाशियस लोयोला यांनी शिकवलेली ही रीत. आधी दिवसाबद्दल आभार, मग ठरवलेलं काम झालं का, प्रभू कुठे भेटला, मी कुठे तोंड फिरवलं, आणि शेवटी उद्यासाठी कृपा मागायची. वहीत एक ओळ लिहिली तर उत्तम. पापनिवेदनाला जाताना ही वही फार कामी येते, तेच ते मोघम बोलणं राहत नाही.

काही दिवस उतारा कोरडा जातो. त्या दिवशी शुभवर्तमान वाचून ठेवून द्या आणि प्रतिसाद स्तोत्र (त्या दिवशी पहिल्या वाचनानंतर म्हणायचं स्तोत्र) म्हणा. रात्रपाळीसाठी माझं नेहमीचं स्तोत्र १३० वं: पहारेकरी पहाटेची वाट पाहतो, त्याहून अधिक माझा जीव प्रभूची वाट पाहतो. पहाटेच्या राऊंडला ते मनातल्या मनात म्हणता येतं.

घरात कोणाला दिसत नसेल, वाचता येत नसेल, तर त्यांना वाचून दाखवा. सासूबाईंना मोतीबिंदू आहे. मी वाचते आणि ‘तुम्हाला काय ऐकू आलं?’ एवढंच विचारते. अर्थ सांगायला जात नाही. त्या एक वाक्य उचलतात, पुष्कळदा मी सोडून दिलेलंच. मोठ्याने वाचताना घाई करू नका. त्यांनी ‘परत वाच’ म्हटलं तर पहिल्या ओळीपासून परत वाचा.