परदेशी डीव्हीडी घरच्या टीव्हीवर नीट दिसावी यासाठी

परदेशातून आलेली डीव्हीडी चालत नसेल, तर आधी अडचण कोणती आहे ते ओळखायला हवं. प्लेअर डिस्क घ्यायलाच तयार नसेल तर प्रश्न बहुधा रीजन कोडचा, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागासाठी आहे त्या खुणेचा असतो. चित्र कृष्णधवल येत असेल किंवा वर-खाली सरकत असेल तर तो पाल आणि एनटीएससी या टीव्हीच्या दोन चित्रप्रणालींचा प्रश्न. या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध नाही. जपान आणि पश्चिम युरोप दोन्ही रीजन २ मध्ये येतात, पण जपानची डिस्क एनटीएससी असते आणि युरोपची पाल. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा रीजन साधारणपणे पाचच वेळा बदलता येतो आणि मग शेवटचा तोच कायम राहतो, तेव्हा सहज म्हणून बदलून बघू नका.

पाल डीव्हीडीचं चित्र ७२०×५७६ पिक्सेलचं आणि सेकंदाला २५ फ्रेमचं असतं. एनटीएससीचं ७२०×४८० आणि २९.९७ फ्रेमचं. एचडीएमआय असलेले आजचे बहुतेक टीव्ही ५० आणि ६० हर्ट्झ दोन्ही घेतात, म्हणून फ्रेमचा दर बदलण्याची गरज सहसा नसते आणि बदलूही नये. २९.९७ चे २५ करायचे तर दर सहा फ्रेममागे साधारण एक गाळावी लागते. उलट दिशेने जाताना दर पाच फ्रेमनंतर एक दुहेरी होते. कॅमेरा आडवा फिरतो त्या दृश्यात हा झटका लगेच डोळ्यात येतो, आणि एकदा फाइलमध्ये बसला की काढता येत नाही. प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'टीव्ही सिस्टिम' पालवर अडकवलेली असेल तर प्लेअरही हेच करतो. तिथे 'ऑटो' किंवा 'मल्टी' ठेवा. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागतं.

फाइल बनवायचीच असेल तर आपल्या डिस्कवरचा व्हिडिओ मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने एमकेव्ही प्रकारच्या फाइलमध्ये घ्या. त्यात पुन्हा कॉम्प्रेशन होत नाही, त्यामुळे मूळ दर्जा जसाच्या तसा राहतो. मग मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमचा दर आणि चित्राचं प्रमाण पाहा. 'स्कॅन टाइप' (चित्र सलग आहे की इंटरलेस, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन भागांत, ते) मात्र तिथलं वाचून खरं मानू नका. व्हीएलसी प्लेअरमध्ये डीइंटरलेस (इंटरलेस चित्र सलग करणं) बंद करा, भरपूर हालचालीचं दृश्य काढा आणि 'ई' ची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे जा. हलणाऱ्या कडांवर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात का, ते बघायचं. पुढचं सगळं यावर ठरतं.

हालचालीच्या प्रत्येक फ्रेमवर रेघा असतील तर ते बहुधा व्हिडिओ कॅमेऱ्याचं इंटरलेस चित्रण आहे. हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फिल्टरमध्ये डीइंटरलेससाठी 'बीडब्ल्यूडीआयएफ' आणि प्रीसेट 'बॉब' निवडा. फ्रेमचा दर पालसाठी ५०, एनटीएससीसाठी ५९.९४ आणि 'कॉन्स्टंट' द्या. दर दुप्पट ठेवला तरच प्रत्येक फील्डची, म्हणजे एकाआड एक ओळींच्या त्या अर्ध्या चित्राची, स्वतंत्र फ्रेम बनते आणि मूळची मऊ हालचाल टिकते. चित्र पुढे-मागे थरथरत असेल तर फील्डचा क्रम उलटा लागला आहे.

एनटीएससी डिस्कवर तीन फ्रेम स्वच्छ, दोन रेघांच्या, पुन्हा तीन स्वच्छ असा क्रम दिसला तर तो सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट आहे. टेलिसिने करून, म्हणजे काही फील्ड पुन्हा वापरून, तो २९.९७ वर ताणलेला असतो. इथे डीइंटरलेस केलं तर निष्कारण तपशील जातो. ते बंद ठेवून 'डीटेलिसिने' चालू करा आणि दर २३.९७६ द्या.

रेघा कुठेच नसतील तर काहीही लावू नका. पाल डिस्कवरचा चित्रपट बहुधा ४ टक्के जास्त वेगाने चालतो, त्यामुळे १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि बऱ्याच डिस्कवर आवाजही किंचित चढा लागतो. ते कानाला खटकत असेल तरच व्हिडिओ आणि आवाज दोन्ही सारख्याच प्रमाणात मंद करा. एकच केला तर ओठ आणि शब्द जुळत नाहीत.

आता मोठं करणं. क्रम महत्त्वाचा: आधी डीइंटरलेस, मग कडा कापणं, मग गरज असेल तर नॉइज कमी करणं आणि सगळ्यात शेवटी आकार. रेघांसकट चित्र मोठं केलं तर त्या जाड पट्ट्या होऊन बसतात आणि नंतरचा कोणताही फिल्टर त्यांना ओळखत नाही. डीव्हीडीचे पिक्सेल चौरस नसतात, म्हणून मूळ आकड्यांना दोनने गुणून चालत नाही. ४:३ चं चित्र १४४०×१०८० करा आणि १६:९ चं १९२०×१०८०. ४:३ च्या चौकटीत वर-खाली काळे पट्टे घालून १६:९ चं चित्र बसवलेलं असेल, तर पट्टे कापल्यावर पालमध्ये ४३२ आणि एनटीएससीमध्ये ३६० ओळी उरायला हव्यात. हँडब्रेकमध्ये 'अलाऊ अपस्केलिंग' वर खूण करायला विसरू नका, नाहीतर आकार वाढतच नाही. कलरस्पेस, म्हणजे रंगांचं मानक, डीव्हीडीच्या बीटी.६०१ वरून एचडीच्या बीटी.७०९ वर न्या. ते राहिलं तर टीव्ही एचडी समजून रंग लावतो आणि लाल-हिरव्या छटा सरकतात.

मोठं केल्याने नवा तपशील जन्माला येत नाही. स्वच्छ डीइंटरलेस केलेलं ५७६ ओळींचं चित्र चांगला टीव्ही स्वतःच उत्तम मोठं करतो. टीव्हीचं अपस्केलिंग कच्चं असेल तरच १०८० वर जा, आणि ४के चा खटाटोप करूच नका. टोपाझसारख्या एआय सॉफ्टवेअरने चालवायचं असेल तर आधी एक मिनिटाचा तुकडा करून बघा, ज्यात दूरचे चेहरे, गवत आणि पाटीवरची अक्षरं असतील. चेहरे मेणाचे दिसायला लागले किंवा अक्षरांचे आकार बदलले तर तो मॉडेल सोडून द्या.

एन्कोडिंगसाठी, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्यासाठी, एक्स२६४, क्वालिटी १८ आणि प्रीसेट 'स्लो' पुरेसं आहे. सेकंदाला ५० फ्रेमच्या १०८० चित्राला लेव्हल ४.२ (फाइल चालवायला टीव्ही किती सक्षम हवा त्याची पातळी) लागते. जुना टीव्ही त्यावर अडला तर ७२० ओळी ठेवा, म्हणजे ४:३ साठी ९६०×७२०. ५० चा दर तसाच राहू द्या. आवाज एसी३ (डॉल्बी डिजिटल) असेल तर 'पासथ्रू', म्हणजे न बदलता तसाच ठेवा. डीटीएस असेल तर एसी३ मध्ये बदला, कारण अनेक टीव्ही डीटीएस वाजवत नाहीत. डीव्हीडीची सबटायटल्स ही खरं तर चित्रं असतात आणि पेन ड्राइव्हवरून बऱ्याच टीव्हीला ती दिसत नाहीत. सबटायटल एडिट या सॉफ्टवेअरमध्ये ओसीआर करून (चित्रातली अक्षरं ओळखून) मजकुराची एसआरटी फाइल काढा आणि तिला व्हिडिओचंच नाव द्या.

पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जाणार नाही, तो एक्सफॅट करा. टीव्हीवर ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा कापणं) आणि मोशन स्मूदिंग (मध्ये नव्या फ्रेम घालणं) दोन्ही बंद ठेवा, आणि मगच चित्राबद्दल मत बनवा.