हेल्मेटवरचा डिस्प्ले: चालू करायच्या आधी बसवा

वाळूज एमआयडीसीत मेंटेनन्सला नवी पोरं आली की सेफ्टी हेल्मेटला अडकवायचा एका डोळ्याचा डिस्प्ले त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे येतं. म्हणजे दांडीच्या टोकाला छोटा पडदा, त्यात कामाचं ड्रॉइंग दिसतं आणि तोंडी हुकमावर तो चालतो. पोरं आधी बटण दाबतात आणि म्हणतात, "सर, दिसतंय!" दिसणारच की. पण बसवलेला नीट नसेल तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत डोकं धरून बसाल. म्हणून सुरुवातीला बंदच ठेवा.

आधी जोरकस डोळा शोधा. दोन्ही हात समोर लांब करा, पंजांच्या मधोमध छोटी फट ठेवा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून लांबची पाण्याची टाकी बघा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला टाकी फटीतच दिसते, तो जोरकस. डिस्प्ले शक्यतो त्याच बाजूला लावायचा. उजव्या हाताने काम करता म्हणून डोळाही उजवाच असेल, असं धरू नका.

अपाचे हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला ही मुभा नसते. त्याच्या हेल्मेटची काच उजव्या डोळ्यासमोरच येते. रात्री त्या डोळ्यात कॅमेऱ्याचं हिरवं चित्र आणि डाव्यात बाहेरचा अंधार. मेंदू कधी हे धरतो, कधी ते, त्यामुळे डोकेदुखीची तक्रार त्यांच्यातही असते. २०१९ पासून आपल्या हवाई दलातही अपाचे आहेत, म्हणजे हे दुखणं आता आपल्या माणसांचंही.

मग हेल्मेट. आपल्याकडे उन्हाळ्यात डोक्याला रुमाल गुंडाळून त्यावर हेल्मेट चढवतात. ते बंद करा. जाड रुमालाने हेल्मेट वर उचललं जातं आणि घामाने ओला झाला की सरकायला लागतं. डोकं आणि कवच यांच्यामधली मोकळी जागा मार झेलण्यासाठी असते, तीही रुमालाने भरून जाते. आतून पातळ सुती टोपी घाला, मागची चकती फिरवून पट्टा आवळा, हनुवटीचा पट्टा लावा. आता जोरात "नाही, नाही" अशी मान हलवा. हेल्मेट मागे राहिलं, तर पुन्हा आवळा.

आता चालू करा. पडदा नजरेच्या सरळ रेषेत नको, थोडा खाली हवा. काम समोर दिसलं पाहिजे आणि ड्रॉइंगसाठी फक्त डोळा खाली गेला पाहिजे, मान नाही. चारही कोपरे एकदम दिसेपर्यंत दांडी हळूहळू सरकवा. एक कोपरा जरी कापला गेला तरी दिवसभर मान वाकडी करून बघाल. एफ-३५ या लढाऊ विमानाचं हेल्मेट तर प्रत्येक वैमानिकाच्या डोक्याचं माप घेऊन जुळवतात. त्याची किंमत सुमारे ४ लाख डॉलर सांगतात. आपल्याकडे हे जुळवणं बोटांनीच करायचं आहे, तेवढा वेळ द्या.

दोन भागांचा चष्मा वापरणाऱ्या मामालोकांची अडचण वेगळी. खालचा पडदा बरोबर जवळचं वाचायच्या भिंगात येतो. पण आमच्या यंत्रातलं चित्र भासतं साधारण एक मीटरवर, म्हणून अक्षरं पुसट दिसतात. दांडी थोडी वर घेऊन वरच्या भिंगातून बघा. त्यानेही जमलं नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरांना हे अंतर सांगून वेगळा चष्मा करून घ्या.

पोरं हमखास विचारतात, "सर, वैमानिकासारखं निशाण जुळवावं लागतं का?" नाही लागत. अपाचेत डोकं वळेल तिकडे तोफ वळवता येते, म्हणून वैमानिक आधी कॉकपिटमधल्या ठरलेल्या खुणेवर नजर जुळवून घेतो. आपला पडदा फक्त ड्रॉइंग आणि लांबच्या इंजिनिअरचा चेहरा दाखवतो. तो चेहराही, माझ्या मते, कामाच्या वेळी बंदच ठेवावा, आवाज पुरतो. पडद्यावर एका वेळी एकच पायरी ठेवा.

वाचायचं असेल तर थांबून वाचा. शिडीवर, फोर्कलिफ्टच्या वाटेवर किंवा चालत्या शाफ्टजवळ दांडी वर करून टाका.

काचेवर धूळ बसली तर शर्टाच्या टोकाने पुसू नका, चरे पडतात. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग चष्म्याच्या कापडाने पुसा. प्रेस शॉपच्या गोंगाटात यंत्राला तुमचा हुकूम ऐकू जात नसेल तर ओरडून उपयोग नाही. माइक ओठांच्या कोपऱ्याजवळ आणा आणि प्रेसच्या दोन ठोक्यांच्या मधे बोला.