दिवस मोजायचा, मग खतखतं

सासूबाईंचं ठरलेलं वाक्य: "दिवस वाढतो तो संक्रांतीपासून, तीळतीळ." लेकीचं पुस्तक म्हणतं, २१ किंवा २२ डिसेंबरपासून. आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरात हा वाद दरवर्षी रंगायचा. शेवटी मी सावली मोजायला अंगणात काठी उभी केली, आणि आता २१-२२ डिसेंबरचा तो दिवस घरचा सणच झालाय.

धनुर्मास चालू असतोच, त्यामुळे सुरुवात आयती मिळते. उजाडायच्या आत मुगाची खिचडी शिजवायची आणि सूर्योदयाला नैवेद्य दाखवून गरमगरम खायची. पंचांगात सूर्योदय सातच्या दोन-चार मिनिटं आधी असला तरी आमच्या पूर्वेला डोंगर आहे. खिचडीवर झाकण ठेवा.

काठी बरोबर एक मीटरची घ्या. दोऱ्याला दगड बांधून ती सरळ उभी आहे ना ते बघा; तिरकी राहिली तर सगळं माप फुकट. बाराच्या ठोक्याला मोजू नका, आम्ही पहिल्या वर्षी तेच केलं. घड्याळ देशाच्या वेळेचं, पण सूर्य गोव्यात माथ्यावर येतो साडेबारानंतर दोन-तीन मिनिटांनी. सव्वाबारापासून पाच-पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करायची. सगळ्यांत आखूड सावली तीच खरी. आमच्याकडे ती ८०-८१ सेंटीमीटर भरते. खडू वापरू नका, दुसऱ्या दिवशीच्या सड्यात धुऊन जातो. आम्ही चिऱ्यावर खिळ्याने ओरखडा काढतो.

दुपारी खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांचं कालवण. निदान पाच भाज्या हव्यात: सुरण, मुळा, कणगं म्हणजे रताळी, शेवग्याच्या शेंगा, कच्ची पपई. नीरफणस मिळाला तर सोन्याहून पिवळं. तूरडाळ वेगळी शिजवा. सुरण आधी घाला, रताळी शेवटी, नाहीतर त्यांचा लगदा होतो. ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, हळद बारीक वाटून घाला, मग गूळ आणि सोलं (आमसुलं). तिरफळं सात-आठ पुरेत. त्यांतली काळी बी काढून टाका, सालं हलकेच ठेचून पाण्यात भिजवा आणि ते पाणी सालांसकट उकळीत ओता. आम्ही फोडणी देत नाही. वास तिरफळांचाच यायला हवा.

संध्याकाळी जेवणापर्यंत दिवे बंद, फक्त समई. शेजारच्यांनी नाताळचं नक्षत्र टांगलेलं असतं, त्यामुळे पूर्ण काळोख काही होत नाही. न होवो. लेक त्याच्याच उजेडात माप वहीत उतरवते.

काठी संक्रांतीपर्यंत जपून ठेवा. साधारण सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि हा दिवस जवळजवळ एकत्रच यायचे. पृथ्वीचा आस हळूहळू फिरतो, म्हणून संक्रांत साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. १४ जानेवारीला पुन्हा मोजा, पण तेव्हा माध्यान्ह पावणेएकच्या सुमाराला असते. यंदा सावली ७५ भरली. दिवस वाढला होता जेमतेम पाच-सहा मिनिटं.

सासूबाईंनी दोन ओरखड्यांमधल्या तीन बोटांच्या अंतराकडे पाहिलं. "तीन आठवड्यांत एवढाच? मग मी काय म्हणत होते?"