मिठाच्या रस्त्यावर जुनी गाडी काढण्यापूर्वी

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. येथे डेट्रॉइट शहराच्या आसपास जुनी गाडी वापरणारा माणूस हिवाळ्याआधी गंजाविरुद्ध जे जे करतो, ते सारे मी दोन वर्षांपूर्वी केले होते. एकच गोष्ट राहिली होती. मार्चमध्ये चाक बदलण्यासाठी दाराखाली जॅक लावला, दांडा फिरवला, आणि खारी बिस्किट मोडावे तसा आवाज होऊन जॅकचे डोके पत्र्यात चार बोटे आत गेले. बाहेरून रंग शाबूत होता, ऑक्टोबरमध्ये पैसे मोजून मारून घेतलेले गंजरोधक तेलही जागेवर दिसत होते. पण दाराखालच्या पोकळ पट्ट्यातून, म्हणजे रॉकर पॅनेलमधून, पाणी निघून जाण्यासाठी कंपनीने ठेवलेली छिद्रे चिखलाने बुजलेली होती आणि मी ती उघडलीच नव्हती. त्यामुळे खारे पाणी आत साठून राहिले आणि पत्रा आतून कुजत गेला. म्हणून या यादीत छिद्रांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल, त्याला इलाज नाही.

तयारी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत संपली पाहिजे, कारण नोव्हेंबरमध्ये मीठ टाकणाऱ्या गाड्या केव्हाही रस्त्यावर दिसू लागतात. या शहराच्या पोटात सुमारे १,२०० फूट खोलीवर मिठाची खाणच असल्यामुळे येथे मिठाला तोटा नाही. साधे मीठ उणे नऊ अंश सेल्सियसच्या खाली फारसे काम करत नाही, म्हणून कडक थंडीत त्याच्या जोडीला कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडचे द्रावण वापरतात. ही द्रव्ये हवेतला ओलावा ओढून घेतात, त्यामुळे रस्ता कोरडा दिसत असतानाही गाडीच्या तळाला चिकटलेला थर ओलाच असतो. आपल्याकडे मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत पत्रा कसा खाल्ला जातो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की तेथे मीठ वाऱ्यावर येते, येथे ते चाकाखालून फवारले जाते.

पहिले काम छिद्रांचे. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला सहसा दोन-तीन छिद्रे असतात, कारण काचेवरून ओघळलेले पाणी दाराच्या पोटात जाणारच आणि ते खालून निघून जावे अशीच रचना असते. तशीच छिद्रे रॉकर पॅनेलच्या तळाशी, जॅक लावण्याच्या कडेजवळ असतात. ती दिसण्यासाठी जमिनीवर पालथे पडावे लागते, आणि नेमका त्याचाच मी आळस केला. वायपरखालच्या खाचेत मेपलची पाने कुजून लगदा झालेला असतो, तोही हाताने काढावा. छिद्रांत तार किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालू नये, कारण रंग खरवडला की गंजाला दारच उघडून दिल्यासारखे होते. वायर बांधण्याचा प्लास्टिकचा पट्टा पुरतो. त्यानंतर काचेच्या खालच्या रबरी पट्टीवर तांब्याभर पाणी ओतावे आणि ते खालून ठिबकते की नाही हे स्वतः वाकून पाहावे. ठिबकले नाही तर छिद्र उघडलेले नाही. ‘बहुतेक उघडले असेल’ हे उत्तर मी एकदा स्वीकारले आहे.

मग गाडी धुवावी. वरून धुणे सगळ्यांना येते. महत्त्वाचा आहे तो तळ, चाकांच्या वरच्या कमानींची आतली दुमड आणि चॅसीचे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचे, पोकळ भाग. धुतल्यावर दोन-तीन कोरडे दिवस जाऊ द्यावेत, कारण ओल्या पत्र्यावर तेल मारणे म्हणजे ओल आत कोंडणे.

तेलाबाबत माझे मत ठाम आहे. जुन्या, आधीच गंज धरलेल्या गाडीला डांबरासारखा घट्ट रबरी थर देऊ नये. तो तडकतो, तडकीतून खारे पाणी आत शिरते, आणि वरून काळेभोर, सुबक दिसत असल्यामुळे आतले कुजणे कोणाच्या ध्यानात येत नाही. लोकरीच्या मेणापासून केलेले किंवा साधे पातळ गंजरोधक तेल दरवर्षी मारावे लागते, वास येतो, अंगणात डाग पडतात, तरी तेच बरे, कारण ते सांध्यांत झिरपते. काम करणाऱ्याला छिद्रे मोकळी आहेत हे आधी सांगावे आणि काम झाल्यावर ती तेलाने किंवा रबरी बुचांनी बंद तर झाली नाहीत ना, हे पाहावे. घरी आल्यावर गाडीखाली पुठ्ठे पसरावेत. एक-दोन दिवस दारांखालून आणि रॉकर पॅनेलखालून तेल ठिबकले पाहिजे. लोक या ठिबकण्याची तक्रार करतात. मी त्या वर्षी पुठ्ठा कोरडा पाहून उलट खूश झालो होतो, आणि तीच चूक होती. पुठ्ठा कोरडा म्हणजे छिद्र बंद.

ब्रेकचे पाइप ही चैनीची बाब नव्हे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१५ मध्ये २००७ पर्यंतच्या गाड्यांच्या मालकांना ब्रेकचे पाइप गंजासाठी तपासून घेण्याचा इशारा दिला होता, आणि मिशिगनमध्ये दरवर्षी गाडी तपासून घेण्याची सक्ती नसल्याने हे काम कोणी आपल्यासाठी करणार नाही. वरवरचा तांबूस रंग चालेल. पापुद्रे सुटत असतील तर पाइप बदलावा, आणि नवा घेताना तांबे-निकेलच्या मिश्रधातूचा घ्यावा, तो गंजत नाही. गाडीखाली शिरताना डोळ्यांवर चष्मा असावा आणि गाडी जॅकवर नव्हे तर पक्क्या स्टँडवर असावी. कुजलेल्या रॉकर पॅनेलवर टेकलेला जॅक काय करतो ते वर सांगितलेच आहे; त्या दिवशी मी गाडीखाली नव्हतो एवढेच नशीब.

बॅटरी, टायर, काच धुण्याचे न गोठणारे पाणी: हे सर्वांना ठाऊक आहे. पायाखाली उंच कडांच्या रबरी चटया टाकाव्यात, कारण बुटांवरचे मीठ गालिच्यातून फरशीच्या पत्र्यापर्यंत पोहोचते. डिकीत जादा चाकाच्या खड्ड्यातले रबरी बूच काढून खाली पाणी साचले आहे का ते पाहावे. हेही छिद्रच आहे.

जानेवारी-फेब्रुवारीत पारा शून्याच्या वर गेला की त्या दिवशी तळ धुऊन घ्यावा आणि दारांची रबरे पुसावीत, नाहीतर दारे गोठतात. मीठ लागलेली ओली गाडी उबदार गॅरेजमध्ये ठेवू नये; उबेत गंज अधिक वेगाने वाढतो. महिन्यातून एकदा छिद्रांत पट्टा फिरवावा.

एप्रिलमध्ये रस्ते पावसाने धुतले गेले की पुन्हा तळ धुवावा, पाइप पाहावेत, सायलेन्सर टांगून धरणारे हँगर पाहावेत. आणि दारांची, रॉकर पॅनेलची छिद्रे पुन्हा उघडावीत, तांब्याभर पाणी ओतून.