कोकणात वडिलोपार्जित जंगल आहे? तोडायला देण्याआधी एवढं करा

दिवाळी संपली की लाकूडवाल्यांचे फोन चालू होतात. "भाऊ, तुमचा वरचा डोंगर नुसता पडून आहे, उक्ता देऊन टाका, मोजणीबिजणीची कटकट नको." आमचं संगमेश्वर तालुक्यात सामाईक अकरा एकर रान आहे, सातबाऱ्यावर चौदा नावं, त्यातली नऊ मुंबई-पुण्याला, त्यामुळे हा फोन मलाही येतो आणि बाकीच्या तेरा जणांनाही वेगवेगळा जातो. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावापुरतंच, गाडीतून जाताना जे हिरवं दिसतं ते बहुतेक तुमच्या-आमच्यासारख्यांच्या मालकीचं, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहून काढू.

आधी कागद. सातबारा काढा आणि 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. तिथे 'खासगी वन' किंवा 'कलम ३५' असा काही शेरा असेल तर आधी वकील गाठा, बाकी सगळं नंतर, कारण १९७५ च्या खासगी वन संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ ला कित्येक खासगी जंगलं सरकारजमा झालीत आणि आजोबांच्या नावावर दिसतंय म्हणजे आपलंच आहे असं नसतं. शेरा नसला तरी मोकळं रान नाही. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात साग, खैर, आंबा, फणस, हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ ही सगळी झाडं येतात, म्हणजे आपल्या रानातली अर्धी अधिक. तोडायला परवानगी लागते, लाकूड हलवायला वाहतूक पास वेगळा. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो "ते आमच्यावर सोडा", पण झाड तुमच्या गट नंबरात होतं, नोटीस तुम्हालाच येणार आणि तोवर त्याचा ट्रक घाट चढून गेलेला असतो. सावंतवाडी-दोडामार्गवाल्यांनी तर विचारूच नका, त्या पट्ट्यात २०१३ पासून हायकोर्टाची तोडबंदी आहे.

आता वणवा. माझ्या मते मालकाचं खरं काम हे एकच आहे, बाकी जंगल स्वतःचं स्वतः बघतं. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात जंगल 'वाढवावं' लागत नाही हो, फक्त जळू द्यायचं नाही. दरवर्षी आग फिरली की खालची रोपं आणि फुटवे मरतात, मोठी झाडं तेवढी उभी राहतात आणि आपल्याला वाटतं जंगल आहे, पण त्याच्या खाली पुढची पिढीच नसते.

जाळपट्टा, म्हणजे आग अडवायला रानाच्या कडेने साफ केलेली पट्टी, डिसेंबर-जानेवारीत काढायचा, गवत पिवळं पडायला लागलं की लगेच. मार्चपर्यंत थांबलात तर उशीर झाला. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने, पायवाटेच्या कडेने, आणि जिथे शेजाऱ्याची भाजावळ (पेरणीआधी शेत भाजणं) होते त्या बाजूने तर नक्कीच, दहा-पंधरा फूट रुंद पट्टी गवत कापून माती दिसेपर्यंत झाडून घ्यायची. कापलेलं गवत आपल्याच रानाच्या बाजूला टाकू नका (हसू नका, आमच्याकडे पहिल्या वर्षी गड्यांनी नेमकं तेच केलं होतं). हल्ली पाठीवर अडकवायचा पेट्रोल ब्लोअर मिळतो, दोन माणसं एका दिवसात जेवढा पाला उडवतात तेवढा आधी आठ माणसं लागायची, चार-पाच मालकांनी मिळून एक घेतला तर जड जात नाही. आणि हे एकदा करून भागत नाही, फेब्रुवारीत पानगळ झाली की पट्टा पुन्हा पाल्याने भरतो, तो परत एकदा झाडावा लागतो, लोक इथेच चुकतात.

काही जण पट्टा कापण्याऐवजी जाळून काढतात. काढा, पण पहाटे दव असताना, वारा नसताना आणि पाणी नि माणसं हाताशी ठेवून. दुपारी खारा वारा सुटला की कोणाच्या बापाला आवरत नाही. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी शिमग्याच्या आसपास खालच्या शेतातून आग आली, शेतवाल्याने भाजावळ सकाळी लावली आणि विझली समजून तो जेवायला गेला, दीड तासात तीन एकर गेलं. त्या दिवशी एक गोष्ट कळली, आग चढावर धावते, म्हणून विझवणाऱ्याने कधी आगीच्या वरच्या अंगाला उभं राहायचं नाही, बाजूने धरत यायचं, ओल्या डहाळ्या घेऊन, आणि विझल्यावरही रात्रभर कोणीतरी थांबायचं कारण सुकलेला ओंडका आतून धुमसत असतो. शेजाऱ्याशी भांडू नका, त्यापेक्षा त्याच्या भाजावळीच्या दिवशी स्वतः दोन माणसं घेऊन जा, स्वस्त पडतं.

तोड अगदी करायचीच असेल, घरात लग्न आहे, आजारपण आहे, समजू शकतो, तर सरसकट देऊ नका. ऐन, किंजळ, जांभूळ यांच्या खोडाला धुमारे येतात, म्हणून जमिनीपासून वीतभर वर, धारदार हत्याराने, तिरका काप घ्यायला लावा म्हणजे पाणी साचून खोड कुजणार नाही आणि साल फाटणार नाही. दुसऱ्या वर्षी एका खोडावर दोन-तीन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढा आणि पहिली दोन वर्षं गुरं आत जाऊ देऊ नका. फार जुन्या झाडाच्या खोडाला मात्र धुमारे येतीलच असं नाही, ते गेलं की गेलं. पऱ्याच्या (ओढ्याच्या) दोन्ही बाजूंना पन्नासेक फूट हात लावायचा नाही, नाहीतर एप्रिलमध्ये विहिरीकडे बघत बसाल. उभ्या उतारावर जेसीबीने रस्ता काढून देऊ नका, लाकडापेक्षा तो रस्ता जास्त नुकसान करतो, पहिल्याच पावसात त्याचा ओढा होतो. आणि न तोडायच्या झाडांना सौद्याआधी स्वतः फिरून रंगाचा पट्टा मारा, फोटो काढा, करारात आकडा लिहा. वड, उंबर, बेहडा, ढोली असलेलं कुठलंही जुनं झाड, ही तर धरूच नका सौद्यात.

रानमोडी, रानात माजणारं ते तण, ऑगस्ट-सप्टेंबरात उपटा, माती मऊ असते, मुळासकट निघते. डिसेंबरात फुलल्यावर कापलीत तर तुम्हीच तिचं बी पेरताय आणि सुकलेली रानमोडी वणव्याला रॉकेलसारखी. सावली दाट झाली की ती आपोआप मागे हटते. झाडं लावण्याचा उत्साह असेल तर जरा दमाने घ्या. ऑस्ट्रेलियन बाभूळ नकोच, तिचा पाला लवकर कुजत नाही, खाली थर साचतो आणि तोच पेटतो. कातळ सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या उघड्या खडकाळ पठारावर) तर खड्डेच मारू नका. तो ओसाड नाहीये, पावसाळ्यात तिथे सीतेची आसवं फुलतात, आणि कोणाच्या सड्यावर कातळशिल्पही निघतं.

पैशाचं म्हणाल तर लाकडाएवढी एकरकमी रक्कम दुसऱ्या कशातून येत नाही, खोटं कशाला बोलू. रातांबा (कोकम), शिकेकाई, हिरडा, बेहडा यातून दरवर्षी थोडं थोडं येतं. आमच्या भागात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने मालकांशी जंगल न तोडण्याचे करार केलेत, बेहड्याच्या फळांना फेअरवाइल्डचं (रानातला माल जंगल राखून गोळा केल्याचं) प्रमाणपत्र मिळवून दिलंय, असं काही तुमच्याकडे आहे का ते विचारा. कार्बन क्रेडिटवाले (झाडं राखण्याचे पैसे देऊ म्हणणारे) येतात त्यांचा कागद मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही, किती वर्षांसाठी हात बांधून घेतोय ते आधी बघा.

भाऊबंदांचं आम्ही असं केलं, गणपतीत सगळे गावात असतात तेव्हा एका कागदावर सह्या घेतल्या की एकट्याने कोणी बयाणा घ्यायचा नाही, आणि जाळपट्ट्याचा खर्च चौदा हिश्शांत. दोन काका अजून पैसे देत नाहीत, ते चालायचंच.

शेवटचं म्हणजे ढोलीचं झाड कसं ओळखायचं, हे बरेच जण विचारतात. धनेशाची, आपल्याकडे ज्याला गरुड म्हणतात त्याची, मादी जानेवारी-फेब्रुवारीत ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते ती एप्रिल-मेपर्यंत आतच, नर बाहेरून फळं आणून भरवतो. म्हणजे बरोब्बर तोडीच्या हंगामात. वर बघून काही दिसत नाही, लिंपलेली फट जेमतेम चोच जाईल एवढी. त्यापेक्षा मार्चमध्ये बुंध्याशी बघा, उंबर-वडाच्या बिया आणि विष्ठा यांचा ढीग एकाच जागी पडलेला असेल तर वर बिऱ्हाड आहे, गुपचूप मागे फिरा आणि लाकूडवाल्याला ती वाट दाखवू नका.