जुन्या विमानात नवे काही बसवण्याआधी

अमेरिकेत १९४०च्या दशकातले सेसना १४० विकत घेतले की हात शिवशिवतात. नवा रेडिओ, हलका स्टार्टर, जास्त ताकदीचे इंजिन! पण पहिला खर्च कागदांवर करा. एफएए म्हणजे अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था; तिच्या ओक्लाहोमा सिटीतल्या नोंदणी कार्यालयातून आपल्या विमानाची फाइल मागवा. मोठे बदल आणि दुरुस्त्या ज्यावर नोंदवतात ते फॉर्म ३३७ तिच्यात असतात. मेकॅनिकला शेजारी घेऊन एकेक फॉर्म विमानाशी ताडून पाहा. पंचाहत्तर वर्षांत खूप काही बसते, निघते, आणि नोंद राहून जाते.

मग विमान खरोखर काट्यावर चढवा. वहीतले वजन बऱ्याचदा नुसत्या बेरीज-वजाबाकीतून आलेले असते. कमाल मर्यादा १,४५० पौंडांची. दोन माणसे आणि इंधन धरले की फारसे काही उरत नाही. शिवाय पुढचा जड जनरेटर काढून हलका अल्टरनेटर लावला की गुरुत्वमध्य मागे सरकतो.

एसटीसी, म्हणजे बदलाची मंजुरी, वापरायची तर ती ज्याच्या नावावर आहे त्याची लेखी परवानगी हवी. दोन एसटीसी एकमेकींना चालतात का, हेही आधीच तपासून घ्या.

आणि बसवायच्या वस्तूंत सगळ्यात आधी खांद्याचे पट्टे. १८ जुलै १९७८ नंतर बनलेल्या लहान विमानांतच पुढच्या सीटना ते सक्तीचे आहेत, त्यामुळे कित्येक जुन्या विमानांत अजून फक्त कमरपट्टा आहे. रेडिओ पुढच्या वर्षी घेतला तरी चालेल.